नागपूर किती लांब?

हातात बॅग दिसली की सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्रश्न ठरलेला: "माहेरी का? किती लांब पडतं हो नागपूर?" इतकी वर्षं मी "लांबच आहे" एवढंच म्हणून सुटका करून घेत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

नकाशावर पुणे ते नागपूर सरळ रेघ ओढली तर साधारण 600 किलोमीटर. रस्त्याने 700 च्या आसपास. रेल्वेने मात्र जवळजवळ 900, कारण गाडी दौंडवरून आधी उत्तरेला मनमाडला चढते आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत पूर्वेला वळते. बारा तासांच्या आत काही ती पोचवत नाही. पण झोप होते, डबा उघडून जेवता येतं. सासूबाईंचं मत अजून रेल्वेलाच.

विमान हवेत असतं सव्वा ते दीड तास. हे ऐकलं की लोक म्हणतात, मग काय, मुंबईपेक्षा जवळ! अहो, मी कोथरूडला राहते. संध्याकाळचं विमान असेल तर लोहगावच्या विमानतळावर पोचायलाच दीड तास धरते. त्यात दोन तास आधी पोचायचं. धावपट्टी हवाई दलाची, आपण तिथे पाहुणे. तिकडे सोनेगावचा विमानतळ अगदी गावात, उतरल्यावर वीस मिनिटांत मी आईच्या ओट्यापाशी उभी. दारापासून दारापर्यंत मोजलं तर साडेपाच तास, त्यातले साडेतीन पुण्यातच जातात.

पूर्वी दिवाळीला संगमवाडीहून ट्रॅव्हल्स पकडायची, तिप्पट भाडं मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला आंबलेल्या अंगाने उतरायचं. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आम्ही आमची गाडी काढायला लागलो. नगरवरून संभाजीनगर गाठायचं आणि तिथे समृद्धीवर चढायचं. तिथून नागपूर चारशे किलोमीटरहून जास्त, पण पाच तासांत होतं. आणि पुणे ते संभाजीनगर? सव्वादोनशेच्या थोडं वर. त्यालाही पाचच तास!

समृद्धीचं कौतुक आहे, पण भीतीही वाटते. कारला 120 ची मुभा, रस्ता सरळसोट, ना गाव ना टपरी. चालवणाऱ्याचे डोळे उघडे असतात आणि डोकं पेंगतं. म्हणून आम्ही दर दीड तासाने थांबतो. सिमेंटचा रस्ता उन्हात तापतो, तेव्हा टायर जुने असतील तर मे महिन्यात जाऊच नका. जिजाऊंचं सिंदखेडराजा साधारण निम्म्या वाटेवर येतं, तिथे उतरून पाय मोकळे करा. त्या माउलीने हे अंतर कसं कापलं असेल, हा विचार मला दर वेळी येतो आणि मग एसीबद्दल तक्रार करवत नाही.

खरी मेख आहे पुण्यातून नगर रस्त्याला लागताना येणारी वाघोली, म्हणजे तिथली वाहनांची कोंडी. सकाळी साडेचारला घर सोडलंत तर वाघोली जागी व्हायच्या आत शिक्रापूर येतं आणि पहिला चहा शिरूरला होतो. सातला निघालात तर तोच चहा वाघोलीत, गाडीतच, थर्मासमधला. आमच्या आईला किलोमीटर कळत नाहीत. पण सकाळी तिचा फोन येतो तो एवढंच विचारायला: "सुटली का बाप्पा एकदाची वाघोली?" सुटली म्हटलं, की ती दुपारचा कुकर किती वाजता लावायचा ते ठरवते.