शून्य सावलीच्या गावात

आमच्या घरापासून भाजीबाजार सरळ रस्त्याने सहाशे पावलांवर आहे, परंतु मार्च संपत आला की माझी आई तेवढ्याच वाटेसाठी आठशे पावले चालते. फाटकातून निघाल्यावर ती अलीकडच्या कडुलिंबापर्यंत जाते, तेथे रस्ता ओलांडून पलीकडच्या दोन करंजांखालून पुढे सरकते आणि एका बंद बंगल्याच्या उंच भिंतीसाठी पुन्हा अलीकडे येते. उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पूर्वेच्या कडेने चालावे आणि संध्याकाळी पश्चिमेच्या, हे नगररचनेतले एक अक्षरही न वाचलेल्या आईला अठ्ठ्याहत्तर उन्हाळ्यांनी शिकवले आहे. नागपुरात पायी चालणाऱ्याचे अंतर सावलीत मोजावे लागते आणि आपले रस्ते मात्र कायम डिसेंबरच असल्यासारखे आखले जातात, असे तिच्या मागून पिशवी घेऊन चालताना मला वाटू लागले.

आपल्या गावची एक गंमत आहे. नागपूर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या पायाखाली नाहीशी होते. नेमका आदल्या दिवशी, म्हणजे २५ मेला, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचा नऊ दिवसांचा काळ, लागतो. पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो त्याच दिवसांत भिंत, कंपाउंड, विजेचा खांब यांतले काहीही उपयोगाचे राहत नाही. उरते ते डोक्यावर पसरलेले झाड. नाही म्हणायला वर्धा रोडवर मेट्रोच्या पुलाखाली सलग सावली असते, पण ती पडते रस्त्याच्या मधोमध, खांबांवर आणि दुभाजकातल्या झुडपांवर. शहरातली सर्वांत लांब सावली अशा जागी मिळावी जिथे कोणी चालूच शकत नाही, याला योगायोग म्हणावे की स्वभाव, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये वसवलेल्या या शहरात महाल या जुन्या वस्तीतले बोळ आजही पाहावेत. समोरासमोरची घरे इतकी जवळ की दहा वाजताही आणि चार वाजताही एका बाजूला सावली असतेच, आणि दमलेल्याला टेकायला एखादा ओटा सापडतो. पुढे लेआउट पडले, रस्ते रुंद झाले, घरे रस्त्यापासून मागे सरली आणि घराची सावली घरमालकाच्याच पार्किंगमध्ये पडू लागली. बोळांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथे आज स्कूटरवाले पाय ठेवू देत नाहीत. पण रुंद रस्ता करताना जी सावली गेली, ती झाडांनी भरून द्यायची होती, एवढा हिशेब तरी कोणी मांडायला हवा होता. आमच्या गल्लीत झाडे आहेत, मात्र बुंध्याला अगदी चिकटून गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवलेले आहेत, आणि पाण्याला जमिनीत जायला वाव नसलेल्या झाडाकडून आपण सावलीची अपेक्षा करतो.

फुटपाथचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या रस्त्यावरचा फुटपाथ मी एकदा पट्टीने मोजला, तर तो एका ठिकाणी २८ सेंटीमीटर भरला. शिवाय प्रत्येक फाटकाशी तो गाडीसाठी उतरतो आणि पुन्हा चढतो, त्यामुळे गुडघे दुखणारा माणूस दहा घरांत वीस वेळा चढउतार करण्याऐवजी मुकाट्याने रस्त्यावरून चालतो. मग लोक म्हणतात, फुटपाथ दिले तरी माणसे वापरत नाहीत. वाटेत विजेची डीपी असते, पानठेला असतो. पानठेल्यावर माझा राग नाही. रात्री नऊनंतर आमच्या कोपऱ्यावर उजेड आणि माणूस असतो तो त्याच्यामुळेच, आणि बाईमाणसाला तिथून निर्धास्त जाता येते. त्याला जागा देऊन उरलेला फुटपाथ मोकळा आखणे कठीण नाही, हटवणे मात्र सोपे वाटते.

रस्ता ओलांडण्याचे गणित त्याहून कडक आहे. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून सिग्नलचा वेळ काढण्याची पद्धत आहे. म्हणजे चोवीस मीटर रुंद रस्त्याला वीस सेकंद. आईला तीस लागतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत दुचाकीवाले भाजू नयेत म्हणून काही सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधल्या गेल्या आणि काही सिग्नल दुपारी बंदही ठेवले गेले. दोन्ही गोष्टी दयाळूपणाच्याच. फक्त सिग्नल बंद असताना पायी माणसाने कधी ओलांडायचे, हे त्या दयेत बसले नाही.

सायकलचा विषय काढला की माझा आवाज चढतो. कॉलेजात असताना मी बर्डीपर्यंत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेपर्यंत, रोज सायकलने जात असे आणि परतताना अंबाझरी तलावाला वळसा घालत असे. २०२० च्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या केंद्राच्या उपक्रमात नागपूर उतरले, पुढे निवडल्या गेलेल्या अकरा शहरांतही आले, याचा मला खरोखर आनंद झाला होता. मेट्रोच्या डब्यातही सायकल नेता येते. अडचण एवढीच की स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरांत सायकलसाठी आखलेली पांढऱ्या पट्ट्याआडची जागा मोटारींना सोयीची वाटते, आणि रंगाच्या रेषेला कोणी भीत नाही. एक हातभर उंचीचा कठडा आणि रस्त्याकडेला ओळीने करंज असते, तर मी आजही गेलो असतो. वय काही आड येत नाही, आड येतो तो मागून हॉर्न देणारा.

गेल्या आठवड्यात अलीकडच्या कडुलिंबाची मोठी फांदी तारांना लागते म्हणून तोडली गेली. दुसऱ्या दिवशी आई फाटकात थोडा वेळ उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, “आता फाटकातूनच पलीकडे जावं लागेल बाळा, पिशवी तू धर.” आम्ही रस्ता ओलांडला. घरापासून बाजार आता आठशे चाळीस पावलांवर आहे.