हवापालटाला नेऊ का?

"डॉक्टर, याला जरा हवापालटाला नेऊ का? पाचगणीला, की कोकणात आमच्या घरी?" दम्याच्या मुलांचे आईवडील मला हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

हवापालट ही काही भाबडी समजूत नव्हे. क्षयावर औषधच नव्हतं तेव्हा दुसरं होतं काय? पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवण्याचं रुग्णालय, १९१२ सालचं, डॉ. बिलिमोरियांनी काढलेलं. स्वित्झर्लंडमध्ये लेझांला डॉ. रोलिए हाडांचा क्षय झालेल्या मुलांना डोंगरातलं ऊन देत. सुरुवातीला फक्त पावलं उन्हात, तीही काही मिनिटंच. मग रोज थोडं थोडं वर. फ्रान्सच्या बेर्क गावात अशीच मुलं समुद्रकाठी खाटांवर पडून असत, महिनोन्‌महिने, आईपासून लांब. त्या लांब राहण्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे औषधं आली, आणि १९५९ साली आपल्याच मद्रासमधल्या अभ्यासानं दाखवलं की, गरिबाच्या दाटीवाटीच्या घरात राहून औषध घेणारा क्षयरोगीही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो.

दम्याचं गणित वेगळं. आल्प्समध्ये दीड हजार मीटरच्या वर अ‍ॅलर्जीचा दमा असलेल्या मुलांना खरंच आराम पडतो. ही अ‍ॅलर्जी बहुधा माइट्सची, म्हणजे गादी-उशीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. तिथली हवा इतकी कोरडी की ते टिकत नाहीत. म्हणजे गुण उंचीचा नाही, कोरडेपणाचा. इक्वेडोरचं कीटो शहर २,८०० मीटरवर आहे, पण तिथल्या घरांत माइट्स सापडतात. मग पावसाळ्यातला आपला सह्याद्री आणि कोकण यांचं काय सांगावं!

एका सात वर्षांच्या मुलाला गणपतीत गावी नेताना आईनं विचारलं, तेव्हा मी "जा, बरं वाटेल त्याला" एवढंच म्हणाले. वर्षभर बंद असलेलं घर, माळ्यावरून काढलेली कुबट वासाची गादी. दुसऱ्या रात्री त्याची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली. दम्याचा पंप (इनहेलर) घरीच राहिला होता, "तिकडची हवा चांगली" म्हणून. पहाटे ते रिक्षानं तालुक्याच्या गावी पोचले, तेव्हा कुठे नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, मिळालं. पंपाचं विचारायचं मीच विसरले होते. चूक माझी.

तेव्हापासून मी असं सांगते: जरूर जा. मुलाला समुद्र दाखवा, टेबललँडवर पळू द्या. पण नुसत्या हवेसाठी त्याला निवासी शाळेत घालू नका. तो घरी परतला की त्याचा दमाही परततो. रोजचा पंप एक दिवसही चुकवू नका. गावी आधी फोन करून गाद्या दोन दिवस कडक उन्हात टाकायला सांगा. आणि पंप व स्पेसर (पंपाला जोडायची नळी) डिकीतल्या बॅगेत नको, तुमच्या हातातल्या पिशवीत असू द्या.