आमची वाटचाल : पाड्यावरच्या अंड्यापासून तुमच्या खुराड्यापर्यंत

साक्री आणि नवापूर तालुक्यांच्या सीमेवर आमचं घर आहे आणि घरालगत छोटा फार्म. आम्ही उबवणीची अंडी विकतो, खाण्याची नाही. बुसरा, कडकनाथ आणि थोडी असील, एवढ्याच कोंबडीच्या जाती. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे यूपीआयने येतात आणि अंडी खोक्यातून जातात. सांगायला काम इतकं सोपं. पण या धंद्याचा सगळा जीव एका प्रश्नात आहे: हे अंडं कुठल्या कोंबडीचं, आणि तिच्यावर कोंबडा कुठला होता? फोटो पाहून पैसे पाठवणाऱ्या माणसाला हे कळायचा काही मार्ग नसतो. अंड्यावर जात लिहिलेली नसते. खरी जात कळते ती पिल्लं मोठी होऊन पिसं बदलल्यावर, आणि तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो.

बुसरा ही आमच्या भागाचीच कोंबडी. नवापूर, साक्री आणि पलीकडे गुजरातेतला सोनगड-उच्छलचा पट्टा, हे तिचं मूळ क्षेत्र. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशी जात म्हणून तिची नोंद आहे. चण लहान, वजन किलोच्या आसपास. पांढऱ्या पिसांत मानेवर, पाठीवर आणि शेपटीवर काळी पिसं मिसळलेली, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस रंग. वर्षाला पन्नासेक अंडी देते, तीही लहान. व्यापारी हिशेबाने पाहिलं तर तिच्यात काही नाही. पण ती विकतच्या खाद्यावाचून अंगणात आणि बांधावर किडे-दाणे वेचून जगते, वेळेवर खुडूक होते म्हणजे अंड्यांवर बसते, आपली पिल्लं आपण काढते आणि घार दिसली की सगळ्यांना पंखाखाली घेते. मावची, गावित, कोकणी, भिल्ल घरांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. देवाचं करायचं असो, पाहुणा येवो की दवाखान्याचा खर्च निघो, आधी हात तिच्याकडेच जातो.

फेब्रुवारी 2006 मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात. मोठ्या शेडमधले लाखो पक्षी मारले गेले आणि बाधित क्षेत्रातल्या घरोघरच्या कोंबड्याही गेल्या. शेडवाल्यांनी पुढे हॅचरीतून नवी पिल्लं आणून धंदा पुन्हा उभा केला. पाड्यावरच्या बाईला तिची कोंबडी कुठली हॅचरी देणार होती? तिच्याकडे आली ती वनराज, गिरिराज अशी सुधारित पिल्लं. हे पक्षी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. अंडी जास्त, वजन जास्त, आणि ज्याला तेवढंच हवं त्याने ते जरूर पाळावेत. पण कोंबडा पाड्यावर मोकळा फिरतो, कुंपण त्याला ठाऊक नाही. थोड्याच पिढ्यांत अंगणातली कोंबडी ना धड सुधारित राहते ना धड बुसरा. खुडूक होण्याचा गुण तर सगळ्यात आधी जातो, आणि तो गेला की पिल्लांसाठी दरवेळी बाजारावर अवलंबून राहणं आलं.

आमची सुरुवात मात्र कडकनाथपासून झाली, कारण विचारणा त्याचीच होती. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तेच नाव झालं. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रातून आम्ही पिल्लं आणली आणि त्यांतूनच आमचा मूळ कळप तयार झाला. पुढच्याच वर्षी सांगली भागात कडकनाथच्या नावाने झालेल्या गुंतवणूक योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पिल्लं घ्या, पक्षी आणि अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असं ते आश्वासन होतं. त्यानंतर भाव कोसळले आणि ‘कडकनाथ’ म्हटलं की लोक फोन ठेवायला लागले. आम्ही कधीच कुणाला परत खरेदीचा शब्द दिलेला नव्हता. आजही देत नाही. अंडी तुमची, पिल्लं तुमची, कोंबड्या कुणाला विकायच्या तेही तुम्हीच ठरवा.

कडकनाथबद्दल एक गोष्ट नव्या गिऱ्हाइकाला मी पैसे घेण्याआधी सांगतो: त्याचं अंडं काळं नसतं. कातडी, मांस, हाडं, जीभ, तुरा यांत मेलॅनिनमुळे काळेपणा असतो, अंड्याचं कवच मात्र फिकट तपकिरी किंवा दुधाळ रंगाचं असतं. ऑनलाइन फिरणारे काळ्याभोर अंड्यांचे फोटो पाहून लोक आम्हालाच ‘तुमची नकली आहेत का’ असं विचारतात. कुणी काळं अंडं कडकनाथचं म्हणून दाखवलं तर पैसे पाठवू नका, इतकं साधं आहे हे. दुसरी गोष्ट, कडकनाथची कोंबडी स्वतः फारशी अंड्यावर बसत नाही. तिची अंडी उबवणीच्या मशीनमध्ये लावा किंवा दुसऱ्या खुडूक गावरान कोंबडीखाली. आमच्याकडे हे काम बुसरा करते, आणि तिच्या अंगाच्या मानाने सात-आठ अंड्यांपेक्षा जास्त ओझं तिला देऊ नये.

बुसराची अंडी आम्ही घरोघर जाऊन घेतो. दहिवेल, विसरवाडी, नवापूरच्या आठवडे बाजारात अंडी मिळतात, पण बाजारातलं अंडं किती दिवसांचं आहे आणि कुठल्या कोंबड्याचं आहे हे विकणारीलाही सांगता येत नाही. शिवाय एका घराशी बोलून भागत नाही, कारण कोंबडा शेजारच्या घराचा असतो. म्हणून आम्ही आख्खा पाडाच एक कळप धरतो. पाड्यावरच्या सगळ्या बायका एकत्र बसून ठरवतात की सुधारित कोंबडा ठेवायचा नाही, मगच आम्ही तिथून अंडी घ्यायला लागतो. बदल्यात खाण्याच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट भाव देतो आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आम्ही करतो. बर्फाच्या थर्मासमध्ये लासोटा लसीची बाटली घेऊन पहाटे जायचं, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, आणि पिल्लाच्या डोळ्यात एक एक थेंब सोडायचा. मोठी झाली की त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. मानमोडीची साथ आली की अख्खं अंगण एका आठवड्यात रिकामं होतं, त्यामुळे अंड्याच्या भावापेक्षा लसीनेच आमच्यावर विश्वास बसला असं मला वाटतं. दरवर्षी या पाड्याचे कोंबडे त्या पाड्याला देतो, म्हणजे रक्त जवळचं होत नाही.

अंडं गोळा करताना बाईने त्यावर पेन्सिलने तारीख लिहायची. बॉलपेन नाही, स्केचपेन तर नाहीच. अंडं धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचंही नाही, कारण कवचावर जो नैसर्गिक लेप असतो तोच जंतूंना अडवतो. घाण लागलेलं अंडं घरात खाल्लेलं बरं. आमच्या खोलीत अंडी सोळा-सतरा अंशांवर, रुंद टोक वर करून ठेवलेली असतात आणि सात दिवसांपेक्षा जुनं अंडं आम्ही पाठवत नाही. आठवड्यानंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरायला लागतं. असील आणि कडकनाथचे गट जाळीने वेगळे आहेत. कोंबडा बदलला तर तीन आठवडे त्या गटाची अंडी विक्रीला नसतात, कारण जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या अंगात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. या तीन आठवड्यांत कितीही मोठी ऑर्डर आली तरी नाही म्हणतो.

खरी परीक्षा खोकं घरातून निघाल्यावर सुरू होते. सुरुवातीला एका कुरिअरने गेलेलं असीलचं खोकं तक्रारीसह परत आलं. मी घरी आणून ते उघडलं. एकही अंडं तडकलेलं नव्हतं. पण अंधारात बॅटरी लावून एक एक अंडं पाहिलं तेव्हा रुंद टोकाला घट्ट असायला हवी ती हवेची पोकळी गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे सरकत होती. आतला पापुद्रा सुटला होता. बाहेरून सुंदर दिसणारी अंडी, आणि त्यांतल्या बहुतेकांतून पिल्लू निघणार नव्हतं. गिऱ्हाइकाला अंडी बदलून दिली. पुढे शक्य तिथे एसटी किंवा खासगी बसच्या पार्सलनेच पाठवायला लागलो, कारण खोकं हातातून हातात जातं आणि वाटेत कमी वेळा उतरवलं जातं. बांधणीही बदलली. प्रत्येक अंडं फोमच्या खाचेत, टोकदार बाजू खाली, सगळीकडून भाताचं तूस ठासून, आणि वर दुसरं खोकं. तूस आमच्याकडे भाताच्या गिरणीवर हवं तितकं मिळतं.

हे सांगितल्यावर लोक विचारतात, मग गॅरंटी कशाची देता? जातीची आणि फलनाची देतो. पिल्लं किती निघतील त्याची देत नाही. प्रवास केलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तर मी ती चांगली उबवण मानतो. अंडी पोचली की लगेच मशीनमध्ये घालू नका, रुंद टोक वर करून निदान बारा तास, जमलं तर दिवसभर शांत ठेवा. पंख्याच्या मशीनमध्ये तापमान 37.5 अंश, पहिले अठरा दिवस आर्द्रता 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70, आणि अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडून पाहायचा मोह आवरा. सातव्या दिवशी बॅटरीवर पाहून फोटो पाठवा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू वाढतंय. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर फलन झालं होतं, वाढ मधेच थांबली. अंडं स्वच्छ पारदर्शक दिसलं तर फलनच झालेलं नाही, आणि अशी अंडी आम्ही पुढच्या खेपेत विनामूल्य देतो. फार हलवलेल्या अंड्यात अगदी लवकर मेलेलं बीजही कधी कधी स्वच्छ दिसतं. तरी शंकेचा फायदा आम्ही गिऱ्हाइकालाच देतो.

रोगाचं सांगितल्याशिवाय हा धंदा प्रामाणिक होत नाही. जिवंत पक्षी आणण्यापेक्षा अंडी आणणं सुरक्षित, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण पुलोरमसारखा रोग आईकडून अंड्यातून थेट पिल्लात उतरतो. म्हणून फार्मवरच्या प्रत्येक मूळ पक्ष्याची तपासणी पशुवैद्यकांकडून करून घेतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर रंगीत अँटिजेनचा थेंब, आणि मिश्रणात गुठळ्या दिसल्या की तो पक्षी कळपातून बाहेर. अंडी ऑनलाइन कुणाकडूनही घ्या, पण ही तपासणी केली का, हे विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला तर तिथेच थांबा.

2021 च्या सुरुवातीला नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. पुन्हा लाखो पक्षी गेले, वाहतूक बंद झाली आणि आमचीही सगळी पाठवणी थांबली. ज्यांची आगाऊ रक्कम होती त्यांना ती परत केली. त्या काळात मला या धंद्याचा खरा उपयोग दिसला. आमच्याकडून बुसराची अंडी घेतलेली माणसं नाशिक, पुणे, रत्नागिरीकडे होती. एका तालुक्यात साथ आली तरी जात दुसरीकडे जिवंत होती. तेव्हापासून बुसरा घेणाऱ्या प्रत्येकाला आमची एक विनंती असते: दुसऱ्या जातीचा कोंबडा त्यांच्यात सोडू नका, आणि वर्षातून एकदा किती पक्षी आहेत ते कळवा. सगळे कळवत नाहीत. जे कळवतात त्यांची वही मी जपून ठेवली आहे, आणि उद्या इथे पुन्हा काही झालं तर अंडी परत मागायची ती याच लोकांकडे.

असील विकताना मी जास्त प्रश्न विचारतो. झुंजीसाठी कोंबडा हवा असं लक्षात आलं की ऑर्डर घेत नाही. प्राण्यांना झुंजवणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. मजबूत हाडापेराची, उत्तम रवण बसणारी, म्हणजे अंडी नीट उबवणारी ही जात परसात पाळण्याजोगी आहे, तेवढ्यासाठी ती घ्या.

सध्या दोन पाड्यांवरच्या बचत गटांना छोटी उबवण यंत्रं बसवून देतोय. अंड्याऐवजी महिन्याभराची, पहिली लस झालेली पिल्लं त्यांनी जवळपासच्या गावांत विकावीत, म्हणजे जास्त पैसा पाड्यातच राहील. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीची सोय पाहतोय. लांबची पाठवणी दिवाळी ते होळी एवढीच असते. खानदेशच्या उन्हाळ्यात खोक्यातच अंड्याची वाढ सुरू होते आणि वाटेतच ती मरते, त्यामुळे होळीनंतर पैसे आधी पाठवले तरी आम्ही परत करतो. बुसराची अंडी थोडी आहेत. नंबर लावावा लागतो आणि पाळी येईपर्यंत आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही.