पाच सुनीते, एक गायिका आणि समेची वाट

बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली एक गीतमालिका मी अलीकडे कोल्हापूरला, आमच्या अण्णांना पाठवली. पाब्लो नेरूदा या चिलीच्या कवीच्या पाच सुनीतांना (सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता) पीटर लीबर्सन या अमेरिकी संगीतकाराने लावलेल्या चाली, मालिकेचे नाव 'नेरूदा साँग्ज', गायिका संगीतकाराची पत्नी लोरेन हंट लीबर्सन आणि साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा, असा तो सारा ऐवज आहे. अण्णा मंगळवार पेठेत राहतात, देवल क्लब या तिथल्या संगीतसंस्थेच्या बैठका ऐकत त्यांचा कान तयार झाला आहे आणि ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीविषयी त्यांच्यासमोर जपूनच बोलावे लागते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला : "गळा ग्वाड हाय, पन लेका, ही बाई समेवर कवा येनार?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या ख्यालात बंदिशीच्या दोन-चार ओळींवर गवई अर्धा-पाऊण तास रमतो आणि अवघड तान घेऊन तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. भावगीतात हेच काम फिरून येणारा मुखडा करतो. इथे दोन्ही नाही. कविता पहिल्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत पुढेच जाते. संगीतकार एखादा शब्द पुन्हा घेतो, पण तोही अर्थाला तशी गरज असेल तर. गायिकेचा आणि प्रत्येक वाद्याचा स्वर आधीच लिहिलेला असल्यामुळे उपज, म्हणजे गाता गाता सुचलेली भर, अशी नसतेच. गाणाऱ्याचे कसब दिसते ते उच्चारात, श्वास कुठे घ्यावा यात आणि एखाद्या शब्दावर किती भार द्यावा यात. समेचा विसावा हवा असेल तर तो आवाजाखाली चाललेल्या स्वरसमूहांत शोधावा लागतो : तिथे ताण वाढत जातो आणि सैल होतो, आणि कित्येकदा तो सैल व्हायच्या आतच ओळ संपलेली असते.

कवितेच्या मालिकेला चाली लावणे कोल्हापूरकरांना परके नाही. गदिमांचे गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि त्याचे संगीतकार सुधीर फडके हे तर कोल्हापुरातच जन्मलेले. पण तिथली छप्पन्न गीते गाण्यासाठीच लिहिलेली होती आणि रामकथेचा धागा सर्वांच्या ओळखीचा होता. याउलट नेरूदाने आपली प्रेयसी मातिल्दे उरुतिया हिच्यासाठी लिहिलेली शंभर प्रेमसुनीते १९५९ मध्येच पुस्तकरूपाने आली होती. ते पुस्तक लीबर्सनच्या हाती पडले १९९७ मध्ये, अल्बुकर्कीच्या विमानतळावर. शंभरांतून पाच निवडून एका क्रमाने मांडताच, जी कथा पुस्तकात नव्हती ती मालिकेत उभी राहिली : आधी प्रेयसीच्या रूपाचे कौतुक, तिसऱ्या गीतात 'एक दिवसही दूर जाऊ नकोस' ही विनवणी आणि पाचव्यात 'मी मेलो आणि तू मागे उरलीस तर' हा विचार.

लोरेन यांचे जुलै २००६ मध्ये कर्करोगाने निधन झाले, आणि तेव्हापासून या मालिकेविषयी लिहिताना बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. मला ते फारसे पटत नाही, कारण त्यामुळे गाणे बाजूला पडते आणि नुसता गहिवर उरतो.

मी राहतो तिथल्या एका छोट्या सभागृहात एका विद्यार्थिनीने हीच गीते केवळ पियानोच्या साथीने गायली, तेव्हा माझे हे मत पक्के झाले. हाती दिलेल्या पत्रकावर डावीकडे स्पॅनिश कविता, उजवीकडे इंग्रजी अनुवाद आणि तळाशी गीत संपल्याशिवाय पान न उलटण्याची विनंती होती. दोन गीतांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, मग दाद कसली द्यायची? अगदी ओठांवर आलेली 'क्या बात है' मी गिळली आणि नेमकी तेव्हाच सगळ्या सभागृहाची पाने एकदम सळसळली. त्या मुलीच्या गाण्यामागे कोणतीही शोककथा नव्हती, ऑर्केस्ट्राचा भरजरी पोतही नव्हता. तरी तिसऱ्या गीतातली विनवणी, पियानो जवळजवळ थबकलेला असताना, थेट पोहोचली.

अण्णांना मी सुचवले आहे की पाच सुनीतांचा अनुवाद आधी वाचून काढावा, तिसरे गीत एकटेच दोनदा ऐकावे आणि मग पहिल्यापासून सलग बसावे. सारी मालिका जेमतेम अर्ध्या तासाची आहे. आपल्याकडे तेवढ्यात विलंबित ख्यालही पुरा होत नाही.