चालत्या स्टोरेजची पॉवर काढली तो दिवस

आमची कंपनी पतसंस्थांना सॉफ्टवेअर चालवून देते. बचत खाती, कर्जं, सोनेतारण, पिग्मी, सगळा हिशेब आमच्या सर्व्हरवर असतो. आजवर प्रत्येक सर्व्हरच्या आत त्याच्या त्याच्या डिस्क होत्या. एखादा सर्व्हर बसला की त्याच्यावरच्या संस्थाही बसायच्या आणि बॅकअपवरून दुसरीकडे उभ्या करेपर्यंत शाखांचे फोन थांबत नसत. म्हणून नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज घ्यायचं ठरलं. डिस्क एका बॉक्समध्ये आणि सर्व्हर वेगळे, म्हणजे एक सर्व्हर गेला तर दुसऱ्याने त्याच डिस्कवरून काम उचलायचं.

फायबर चॅनल आम्ही लवकरच बाजूला ठेवलं. तंत्रज्ञान उत्तम आहे, पण त्याला वेगळी कार्डं आणि वेगळे स्विच लागतात, आणि झोनिंग, म्हणजे कुठल्या सर्व्हरला कुठलं स्टोरेज दिसावं याची स्विचवरची आखणी, येणारा माणूस रात्री दोन वाजता हाताशी हवा. आमच्याकडे इथरनेट समजणारी माणसं आहेत. त्यामुळे शर्यतीत आयस्कझी उरलं, म्हणजे डिस्कला द्यायच्या स्कझी कमांड साध्या टीसीपी नेटवर्कवरून पाठवणं. २००४ पासून त्याचं प्रमाणित रूप उपलब्ध आहे आणि लिनक्समध्ये ते आता अगदी रुळलेलं आहे.

कोटेशनं आली आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत लाखो आयऑप्स, म्हणजे सेकंदाला होणारी वाचन-लिखाणाची कामं. हे आकडे खोटे नसतात, पण ते बहुतेक वेळा लहान ब्लॉक, निव्वळ वाचन आणि एकाच वेळी शेकडो मागण्या अशा परिस्थितीतले असतात. आमचं काम तसं नाही. आधी आम्ही जुन्या सर्व्हरवर आयओस्टॅट, म्हणजे डिस्कवरचं वाचन-लिखाण मोजणारं साधन, लावून ठेवलं होतं, त्यात महिनाअखेरही येऊ दिली. चित्र स्पष्ट दिसलं: दिवसभर डिस्क निवांत असतात, संध्याकाळी शाखांची दिवसअखेर सुरू झाली की लहान लहान लिखाण धो धो येतं आणि व्याज जमा करायच्या रात्री तर वाचन जवळजवळ नसतंच. डेटाबेस प्रत्येक व्यवहार पक्का करताना डिस्कला विचारतो, ‘लिहिलं का?’ आणि ‘हो’ येईपर्यंत तो व्यवहार थांबून राहतो. तो ‘हो’ यायला एक मिलिसेकंद लागला तर एकामागून एक येणारे व्यवहार सेकंदाला हजाराच्या पुढे जाऊ शकत नाहीत. पाच मिलिसेकंद लागले तर दोनशे. बॉक्सची एकूण ताकद कितीही असो, ही मर्यादा सुटत नाही.

फिरत्या डिस्कचा विषय याच हिशेबाने मिटला. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट, त्यात हेड सरकायला साधारण एका पूर्ण फेऱ्याइतका वेळ धरला तर एका डिस्ककडून सेकंदाला ऐंशीच्या आसपास कामं होतात. बारा डिस्कच्या साडेनऊशे. रेड म्हणजे डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून तो अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत. रेड ५ मध्ये प्रत्येक लहान लिखाणाला जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीची बेरीज) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही अशी चार कामं लागतात, म्हणजे हातात उरतात २४०. रेड १० मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहितात, म्हणून दोनच लागतात, तरी ४८०. बॉक्सच्या मेमरीतला कॅशे काही काळ हे झाकतो, पण व्याजाच्या रात्री तो भरतो आणि मग खरा वेग उघडा पडतो. तेव्हा एसएसडीच घ्यायचे, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या फ्लॅश मेमरीच्या डिस्क, हे नक्की झालं.

शेवटी दोन बॉक्स उरले. एक स्वस्त, एकाच कंट्रोलरचा (कंट्रोलर म्हणजे डिस्क सांभाळणारा बॉक्समधला संगणक), जागा भरपूर. दुसरा दोन कंट्रोलरचा, त्याच किमतीत निम्म्याहून कमी जागा देणारा. दोन्ही विक्रेत्यांना सांगितलं, बॉक्स आमच्याकडे आणून लावा, आम्ही तपासू. आमचे चालू सर्व्हर रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकमध्ये आहेत, तिथे कुणी वायरी खेचू देत नाही. म्हणून चाचणी महाप्याच्या ऑफिसमधल्या छोट्या सर्व्हर रूममध्ये ठेवली. पाऊस मुसळधार होता. टेम्पो शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि बॉक्स प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुपारी पोहोचले.

स्वस्त बॉक्सच्या इंजिनिअरने लन, म्हणजे सर्व्हरला स्वतःची डिस्क म्हणून दिसणारा बॉक्समधला भाग, जोडला आणि लगेच डीडी कमांडने मोठी फाइल लिहून दाखवली. आकडा डोळे दिपवणारा. पण त्या फाइलमध्ये नुसती शून्यं होती आणि बॉक्समध्ये कॉम्प्रेशन चालू होतं. शून्यांची फाइल अशा बॉक्सवर जवळजवळ लिहिलीच जात नाही. मी एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारं साधन चालवलं: आठ किलोबाइटचे ब्लॉक, विखुरलेल्या जागा, दाबता न येणारा डेटा, फाइल कॅशेपेक्षा कितीतरी मोठी, एका वेळी एकच मागणी आणि प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक, म्हणजे ‘डेटा डिस्कवर पक्का कर आणि मगच सांग’ ही मागणी. वेग उतरला, तरीही चांगला होता. स्वस्त बॉक्स महागाच्या पुढे होता. आमच्या ज्युनिअरचा चेहरा खुलला आणि मलाही मनातून बरं वाटत होतं, कारण एवढ्या पैशांत एवढी जागा मिळणार होती.

मधल्या वेळात ज्युनिअरने विचारलं, एकच लन दोन्ही सर्व्हरना दिला आणि दोघांवर माउंट केला, म्हणजे वापरायला जोडला, तर? प्रश्न योग्य आहे आणि उत्तर पक्कं माहीत असलेलं बरं. एक्स्ट-४ सारखी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे ते सांभाळणारी यंत्रणा, असं धरून चालते की डिस्कला आपल्याखेरीज कुणी हात लावत नाही. दोन सर्व्हर आपापल्या मेमरीतल्या नकाशावर विसंबून एकाच जागी लिहू लागतात आणि फाइल सिस्टिमची वाट लागते. त्यासाठी जीएफएस-२ किंवा व्हीएमएफएस अशी अनेक सर्व्हरनी मिळून वापरायची क्लस्टर फाइल सिस्टिम हवी, नाहीतर एनएफएस, ज्यात फाइल सिस्टिम बॉक्सच सांभाळतो.

मग पॉवरची चाचणी. ही मी कधीच सोडत नाही. एक छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवर चालते. ती लनवरच्या फाइलमध्ये एक आकडा लिहिते, एफसिंक करते, आणि स्टोरेजकडून ‘लिहिलं’ असं उत्तर आल्यावरच तो आकडा नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर पाठवते. मग पुढचा आकडा. लॅपटॉपवर आकडे पळत असताना मी इंजिनिअरला खूण केली आणि त्याने बॉक्सच्या दोन्ही पॉवर केबल एकदम उपटल्या. पंखे थांबले, लॅपटॉपवरचे आकडेही जागीच थांबले.

बॉक्स पुन्हा चालू केला. सर्व्हरही रीबूट केला, कारण नाहीतर त्याच्या मेमरीतली प्रत दिसते आणि आपण फसतो. फाइल उघडली. डिस्कवरचा शेवटचा आकडा लॅपटॉपवरच्या आकड्यापेक्षा हजारांनी मागे होता. नियम साधा आहे: डिस्क एखाद्या आकड्याने पुढे असू शकते, कारण लिहून झालं पण निरोप पोहोचायच्या आत वीज गेली, असं होतं. मागे मात्र असता कामा नये. मागे असणं म्हणजे स्टोरेजने ‘लिहिलं’ म्हणून सांगितलं आणि लिहिलेलं नव्हतं.

मी मॅडमना बोलावलं. त्या आमच्याच कंपनीच्या संचालक, मूळच्या अकाउंट्सच्या. म्हणाल्या, ‘पुन्हा करून दाखवा.’ पुन्हा केलं. फरकाचा आकडा बदलला, फरक तसाच. दोन्ही आकडे त्यांनी स्वतः कागदावर लिहून घेतले आणि विचारलं, ‘पिग्मी एजंटने पैसे घेतले, मशीनमधून पावती दिली, आणि आपल्याकडे नोंदच नाही, असं होईल का?’ मी हो म्हटलं. अगदी असंच होईल. दुकानदाराच्या हातात पावती, एजंटच्या पिशवीत रोकड, आणि संस्थेच्या वहीत काहीही नाही. कुठलाही एरर लॉग नाही, की ज्यावरून शोध घ्यावा. सर्व्हर बंद पडणं परवडलं, तो बंद पडलाय हे निदान कळतं.

विक्रेत्याचा इंजिनिअर प्रामाणिक मुलगा होता. त्याने सेटिंग चाळून कारण शोधलं. एफसिंकची मागणी आली तरी डेटा मेमरीतच ठेवून लगेच होकार द्यायचा, असा पर्याय वेग वाढवण्यासाठी चालू केलेला होता. तो बंद करून पुन्हा चाचणी घेतली. आता एकही आकडा हरवला नाही, पण वेग आधीच्या एका छोट्या अंशावर आला. आतले एसएसडी डेस्कटॉपच्या दर्जाचे होते. सर्व्हरच्या दर्जाच्या एसएसडीमध्ये कपॅसिटर असतात. वीज गेली तरी ते एवढा वेळ देतात की मेमरीतला डेटा फ्लॅशमध्ये उतरतो, म्हणून ते एसएसडी बिनघोर लगेच होकार देऊ शकतात. साध्या एसएसडीला मात्र प्रत्येक वेळी खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं.

दोन कंट्रोलरच्या बॉक्सवर तीच स्क्रिप्ट चालवली. त्यात आलेला डेटा दोन्ही कंट्रोलरच्या मेमरीत जातो आणि मगच होकार मिळतो. वीज गेली तर बॅटरीवर मेमरी फ्लॅशमध्ये उतरवली जाते. केबल उपटल्या, चालू केला, फाइल उघडली: डिस्क लॅपटॉपच्या एका आकड्याने पुढे. मॅडमनी तोही आकडा लिहून घेतला.

मग चालू लोडवर एक कंट्रोलरच बाहेर ओढला. लिखाण थबकलं, काही सेकंद शांतता, आणि मल्टिपाथने, म्हणजे स्टोरेजकडे जाणारे दोन मार्ग सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरने, दुसऱ्या मार्गाने काम पुढे सुरू केलं. इथे घड्याळ लावून बघावं. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या कमांडची मुदत डिफॉल्टने ३० सेकंद असते. बॉक्समधली कंट्रोलरची अदलाबदल फार लांबली आणि लिखाण एररने परत आलं, तर एक्स्ट-४ स्वतःला रीड-ओन्ली करून घेते, आणि मग स्टोरेज परत आलं तरी डेटाबेस उठत नाही.

नेटवर्कची एक अडचण त्याच संध्याकाळी सापडली. एका स्विचवर जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी, ९,००० बाइटची पाकिटं, चालू नव्हत्या. साधा पिंग, म्हणजे मार्ग चालू आहे का ते बघणारी छोटी हाक, छान जायचा, मोठं लिखाण त्या मार्गावर अडकायचं. तुकडे करायला मनाई करून ८,९७२ बाइटचा पिंग मारला की हे लगेच कळतं: ९,००० मधून हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याच्या मजकुराचे, २८ वजा. मार्ग दोन असतील तर ही तपासणी दोन्हींवर स्वतंत्र करावी. शिवाय आयस्कझीसाठी दोन पोर्ट एकत्र बांधण्यापेक्षा दोन वेगळे सबनेट (नेटवर्कचे स्वतंत्र भाग), दोन वेगळे स्विच आणि वर मल्टिपाथ, हीच रचना मला बरी वाटते. बांधलेल्या पोर्टमध्येही एक जोडणी एकाच तारेवरून जाते, त्यामुळे तिचा वेग वाढत नाही.

मॅडमचा पहिला प्रश्न जागेचा होता. दोन कंट्रोलरचा बॉक्स बजेटमध्ये बसवायचा तर जागा निम्म्याहून कमी होणार. आम्ही हिशेब मांडला तेव्हा दिसलं की डेटाबेस स्वतः फार मोठे नाहीत. जागा खातात ती खातेदारांची स्कॅन केलेली कागदपत्रं आणि जुने बॅकअप. त्यांना मिलिसेकंदाची घाई नाही. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन महागड्या बॉक्सवर, कागदपत्रं आणि बॅकअप फिरत्या डिस्कच्या वेगळ्या बॉक्सवर रेड ६ मध्ये, अशी वाटणी झाली. रेड ६ यासाठी की बिघडलेल्या डिस्कच्या जागी घातलेली सोळा टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइटने अखंड भरली तरी बावीस तास लागतात, आणि तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तरी डेटा वाचला पाहिजे. मूळ बॉक्समधले स्नॅपशॉट, म्हणजे डेटा एखाद्या क्षणी जसा होता तसा बॉक्समध्येच जपणं, आम्ही बॅकअपमध्ये धरले नाहीत. बॉक्स गेला तर तेही त्याच्याबरोबर जातात.

पर्चेस ऑर्डर मॅडमनी स्वतः लिहून घेतली. त्यात आयऑप्सचा आकडा नाही. आमच्या एफआयओच्या सेटिंगवर होकार किती मिलिसेकंदांत यायला हवा, ते आहे. रबाळ्याला नेण्याआधी बॉक्स महाप्याला लावायचा, चालत्या लोडवर दोन्ही पॉवर केबल काढायच्या, एक कंट्रोलर ओढायचा, एक स्विच बंद करायचा, आणि लॅपटॉपवरचा एकही आकडा डिस्कवर कमी भरला तर माल परत, ही अट आहे. विक्रेत्याने दोन दिवस घासाघीस केली आणि सही दिली. स्वस्त बॉक्सच्या इंजिनिअरने जाताना माझ्याकडून ती स्क्रिप्ट मागून घेतली. मी ती आनंदाने दिली आणि आकडे दुसऱ्या मशीनवरच नोंदव, सर्व्हर रीबूट करायला विसरू नकोस, एवढं बजावलं.