मोबाइल चालतो, मग अ‍ॅप का नको?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुतण्या विचारतो, सरपंच विचारतात, परवा एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलं: "दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप बघता, मग अंगणवाडीच्या अ‍ॅपलाच विरोध का?"

विरोध नाही हो. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, त्यात मी होते. मोबाइल तापायचा, बंद पडायचा, दुरुस्ती आमच्या मानधनातून, वर अ‍ॅप इंग्रजीत. "यांना शिकायचंच नाही," हेही ऐकून घेतलं. पण पहिल्या ट्रेनिंगला सगळ्यात खूश मीच होते. रजिस्टरं लिहून बोटं दुखायची. वजन टाकलं की बाळ कुठल्या श्रेणीत आहे ते लगेच दिसतं, हे मला आजही आवडतं.

मग 1 जुलै 2025 पासून घरपोच आहाराची पाकिटं देताना अ‍ॅपमध्ये घेणारीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं.

वस्तीवरची एक पोर, दहा महिन्यांचं बाळ कडेवर. तिची केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली. आधारला नंबर नवऱ्याचा, नवरा टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला. ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो फडात. त्याने फोन उचलला तेव्हा आमच्याकडे रेंज नव्हती. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या ये गं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मदतनीस म्हणाली, "बाई, देऊन टाका, वहीवर अंगठा घ्या." मी तिच्यावर खेकसले, "स्टॉक जुळला नाही तर नोटीस तुला येणार आहे का?" कपाटात त्या बाळाच्या वाटची पाकिटं होती, किल्ली माझ्या कमरेला. त्या बाळाचं पहिलं वजन मीच केलं होतं.

चौथ्या दिवशी ती आली नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली होती तिची.

पुढच्या वजनाला बाळ तीनशे ग्रॅम उतरलेलं. मधे जुलाब झाले होते, ताप होता. पाकिटांनी ते टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा जुलाब आठवत नाहीत, किल्ली आठवते.

नियम होता, असं मी मलाच सांगते. मग 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आठवतो: सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क. बैठकीत मीच वाचून दाखवायचे ना? मग तिच्यासमोर तोंड का उघडलं नाही? नोकरीची भीती खरी होती. आजही आहे.

आहाराची गळती होते, मला माहीत आहे. ती थांबायलाच हवी. पण चोर शोधायला दर महिन्याला त्या आईलाच का उभं करायचं? मोबाइल "नाही" म्हणाला, तर बाळाला जन्मापासून ओळखणाऱ्या सेविकेचं "हो" ग्राह्य धरा, तिची सही घ्या, आणि त्यासाठी तिला नोटीस देऊ नका. एवढंच मागणं आहे.

आता अडलं की वहीवर सही घेऊन देते. एकदा खुलासा मागितला गेला, तो लिहून दिला. पुढे काय होईल कळत नाही, आणि माझं बरोबर आहे की नाही तेही दर महिन्याला नव्याने ठरवते.

ती पोर गेल्या महिन्यात आली होती. मी मोबाइल काढायच्या आधीच ती दाराच्या उजेडात गेली आणि डोक्यावरचा पदर मागे सारून उभी राहिली.