मनोरा ठेवला, स्टेशन पाडलं

रविवार, रात्री

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या व्हिक्टोरिया सेंटर या मॉलमध्ये गेले होते खरेदीला, पण वेळ गेला दारातल्या, जुन्या रेल्वे स्टेशनच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघण्यात. लाल विटांचं बांधकाम, त्यात दगडी नक्षीकाम, माथ्यावर छोटा घुमट आणि वातदर्शक. उंची सुमारे शंभर फूट. मागे मॉल आणि त्यावर चढलेले उंच फ्लॅट. बिचारा भलत्याच लग्नात आलेल्या पाहुण्यासारखा दिसतो.

वास्तुविशारद ए. ई. लॅम्बर्ट यांनी तो एकट्याने उभा राहावा म्हणून काढलाच नव्हता. त्याच्यासोबत तिकीटघराची तीन मजली इमारत होती, आणि खरं स्टेशन तर त्याहून खाली, वालुकाश्म फोडून केलेल्या प्रचंड खोदाईत. गाड्या एका बोगद्यातून बाहेर पडायच्या, फलाटाला लागायच्या आणि दुसऱ्या बोगद्यात शिरायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला स्टेशन म्हणून दिसायची ती वरची इमारत आणि हे घड्याळ.

नावाचा किस्सा मला फार आवडतो. स्टेशन दोन रेल्वे कंपन्यांचं. ग्रेट सेंट्रलला नावात ‘सेंट्रल’ हवं होतं. ग्रेट नॉर्दर्न प्रतिस्पर्ध्याची अशी फुकट जाहिरात कशी होऊ देईल? शेवटी २४ मे १९०० ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी उद्घाटन ठरलं आणि तिचंच नाव देऊन भांडण मिटवलं.

घड्याळही तेव्हा ग्रीनिचची वेळ दाखवायचं. इथला सूर्य ग्रीनिचपेक्षा साडेचार मिनिटं मागे, पण देशभर ग्रीनिचचीच वेळ लागू करणाऱ्या १८८० च्या कायद्यानंतर त्याला कोण विचारतो!

१९६७ मध्ये स्टेशन बंद झालं आणि पाडलं. मनोरा राखला याबद्दल सगळे कौतुक करतात. मला ते अर्धंच पटतं. फलाट, जिने, छतं, म्हणजे रेल्वेचं जे जे होतं ते गेलं; उरली ती शहराला दाखवायची दर्शनी बाजू. तरी तीही गेली असती तर आज मी इथे थांबलेच नसते, हेही खरं.

लॅम्बर्ट यांनीच पुढे मिडलंड कंपनीसाठी शहरातलं दुसरं स्टेशन काढलं, १९०४ चं. तिथे अजून गाड्या थांबतात. पुढच्या वेळी उतरल्यावर टॅक्सीकडे धावायचं नाही. आधी रस्ता ओलांडून त्याची दर्शनी भिंत नीट बघायची.